वाचनालयाच्या सर्व्हरची फाइल सिस्टिम सावरताना

सर्व्हर होता सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा. त्यावर कोहा ही पुस्तकांची नोंदप्रणाली चालायची आणि शिवाय स्वातंत्र्यपूर्व काळातल्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं साठवलेली होती. कोहाच्या डेटाबेसचा बॅकअप रोज निघत होता, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती पानांची. बाहेरची डिस्क भरल्यामुळे अलीकडचं स्कॅनिंग फक्त सर्व्हरवरच होतं. १९३०-४० च्या सुमाराचा तो कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कडेचा भुगा होतो. काही अंक दुसऱ्यांदा स्कॅनरवर ठेवण्याच्या अवस्थेतच नव्हते. त्यामुळे "बॅकअप लावा आणि मोकळे व्हा" हा सरळ मार्ग आमच्यापुढे नव्हता.

ग्रंथपाल ताईंचा फोन आला तो असा: "दादा, स्कॅन सेव्हच होत नाहीये. आणि दोन-तीन फोल्डर उघडली तर नुसती एरर येतेय." पानांची ४ टेराबाइटची डिस्क ईएक्सटी४ होती, म्हणजे फाइली मांडून ठेवायची लिनक्सवरची नेहमीची पद्धत (फाइल सिस्टिम) तिच्यावर होती. तिच्यात चूक दिसली की लगेच रीड-ओन्ली व्हायचं (फक्त वाचू द्यायचं, लिहू द्यायचं नाही), असा पर्याय एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्क कशा जोडायच्या ते लिहिलेल्या फाइलीत, दिलेला होता. तो पर्याय आपलं काम चोख करत होता. मी पोचायच्या आत कुणीतरी मशीन रीस्टार्ट केलं आणि ते इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबलं. कार्यवाहांनी विचारलं, "नेटवर लिहिलंय एफएसचेक चालवा, सगळ्याला हो म्हणा. चालवू का?" मी म्हटलं, "नको सर. मशीन बंद करा. मी येईपर्यंत काहीही चालवू नका."

हे मी इतकं ठामपणे का सांगितलं, ते नीट लिहितो. एफएसचेक या तपासणी-दुरुस्तीच्या आज्ञेचं काम फाइल सिस्टिमची रचना सुसंगत करणं हे आहे. तुमचा डेटा परत मिळवून देणं हे त्याचं काम नाही. सुसंगती आणण्यासाठी एखादी नोंद पुसावी लागली तर ते ती पुसतं, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. त्यात डिस्कच मरायला टेकलेली असेल तर धोका आणखी वाढतो. वाचता न येणारा ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचा छोटा तुकडा) लागला की ईएक्सटी४ चं एफएसचेक दोन प्रश्न विचारतं: चूक दुर्लक्षित करू का, आणि हा ब्लॉक जबरदस्तीने पुन्हा लिहू का? "सगळ्याला हो" म्हटलं की दुसऱ्या प्रश्नालाही होच जातं. लिहिण्याचा आदेश मिळाला की डिस्क त्या सेक्टरवर (डिस्कवरच्या जागेचं सर्वात छोटं एकक) नवा मजकूर लिहिते किंवा तो बाजूला टाकून राखीव सेक्टर वापरायला घेते. जुना मजकूर कदाचित चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला वाचता आला असता, पण आता त्याच्याकडे जायची वाटच उरत नाही.

तिथे पोचल्यावर मी मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू केलं आणि डिस्क माउंट न करता (म्हणजे तिच्यावरच्या फाइली न उघडता) आधी तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहिला. त्यात मी ओळ १९७ आणि १९८ बघतो, म्हणजे अनुक्रमे निकालाची वाट पाहणारे आणि वाचता न येणारे सेक्टर. मग ओळ १९९, म्हणजे केबलमधून जाताना बिघडलेला डेटा. १९९ शून्य होती आणि १९७, १९८ मध्ये आकडे होते. याचा अर्थ केबल ठीक, डिस्कचा पृष्ठभाग खराब. याच्या उलट दिसलं असतं तर आधी केबल बदलली असती. कारण समजून न घेता दुरुस्तीला हात घातला तर दुरुस्ती चालू असतानाच नवं नुकसान होत राहतं.

नंतरचं काम प्रत काढण्याचं. साताऱ्याहून जास्त क्षमतेची कोरी डिस्क आणली आणि डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढणारं साधन लावलं. प्रत काढणाऱ्या साध्या डीडी आज्ञेपेक्षा ते इथे फार सरस ठरतं, कारण ते कठीण जागी अडून बसत नाही. चांगला भाग आधी उचलतं, खराब जागा मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि तिथे नंतर परत येतं. वीज गेली तरी त्या मॅप फाइलच्या आधारे तिथूनच पुढे सुरू करता येतं. सेकंदाला १५० मेगाबाइट धरले तरी ४ टेराबाइटला साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि आजारी डिस्कला त्याहून बराच जास्त वेळ. डिस्क तापू नये म्हणून वाचनालयाच्या मामांनी टेबलफॅन आणून समोर लावला. त्याचा खरोखर उपयोग झाला, तापमान खाली आलं.

पहिल्या फेरीनंतर फार थोडा भाग वाचायचा राहिला होता, काही शे किलोबाइट. चार टेराबाइटमध्ये एवढंसं म्हणजे नगण्य वाटेल. पण मॅप फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. खराब जागा बहुतेक सगळ्या डिस्कच्या सुरुवातीला होत्या.

सुरुवातीला काय असतं, ते ईएक्सटी४ च्या मांडणीवरून कळतं. ब्लॉक ४ किलोबाइटचा असतो आणि ३२,७६८ ब्लॉकचा एक गट, म्हणजे १२८ मेगाबाइट. आमच्या डिस्कवर असे सुमारे ३० हजार गट होते. अगदी सुरुवातीला सुपरब्लॉक (अख्ख्या फाइल सिस्टिमची मूळ माहिती), त्याच्यामागे या सगळ्या गटांची वर्णनं आणि नंतर पहिल्या १६ गटांचे आयनोड तक्ते एकाला एक लागून. वाचनालयाच्या भाषेत सांगायचं तर फोल्डर म्हणजे नाव आणि क्रमांक लिहिलेली यादी, आणि आयनोड म्हणजे त्या क्रमांकाचं कार्ड, ज्यावर मजकूर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते लिहिलेलं असतं. आयनोड २५६ बाइटचा, म्हणून एका ४ किलोबाइटच्या ब्लॉकमध्ये १६ आयनोड मावतात. तेवढा एक ब्लॉक गेला की १६ फाइली किंवा फोल्डर बेपत्ता. आणि तक्त्याचा पहिलाच ब्लॉक गेला तर मूळ फोल्डर (क्रमांक २), जर्नल (चालू बदलांची नोंदवही, क्रमांक ८) आणि लॉस्ट-फाउंड (बेवारस फाइलींचं फोल्डर, क्रमांक ११) एकदमच जातात.

आमच्या तक्त्याचा हा पहिला ब्लॉक पहिल्या फेरीत वाचला गेला नव्हता. डीडीरेस्क्यूला उलट्या दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावता येतं. तशा फेऱ्या घेत गेलो आणि त्यातल्या एकीत तो ब्लॉक आला. मी ताईंना हाक मारून स्क्रीन दाखवली. त्यांना आकडे कळण्याचं कारण नव्हतं, पण काय वाचलं ते सांगितल्यावर त्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या पानांवर त्यांनी किती मेहनत घेतली होती, ते मला त्या क्षणी कळलं.

सुपरब्लॉक मात्र आला नाही. जुनी डिस्क काढून, तारीख लिहून कपाटात ठेवली आणि पुढचं सगळं काम प्रतीवर केलं. तेही थेट नाही. प्रतीला रीड-ओन्ली करून तिच्यावर डीएमसेटअप या आज्ञेने स्नॅपशॉटचा थर चढवला. दुरुस्तीत जे काही लिहिलं जाईल ते सगळं वेगळ्या फाइलमध्ये साठतं, मूळ प्रत जशीच्या तशी राहते. दुरुस्ती बिघडली तर ती फाइल टाकून द्यायची आणि कोरा थर घ्यायचा. ही सोय मला या साऱ्या प्रकारात सर्वात मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. एफएसचेकला बिनधास्त "हो" म्हणायचं असेल तर ते फक्त इथे.

सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर इतरत्रही असतात: ३२७६८, ९८३०४, १६३८४० अशा क्रमांकांच्या ब्लॉकवर. एफएसचेक स्वतः सुचवतं की ८१९३ किंवा ३२७६८ वापरून बघा. त्यातला ८१९३ हा १ किलोबाइटच्या ब्लॉकसाठी आहे, आजच्या मोठ्या डिस्कवर त्याचा उपयोग होत नाही. सगळे क्रमांक हवे असतील तर फॉरमॅट करणारी एमकेई२एफएस ही आज्ञा "वजा एन" लावून चालवली की ती फॉरमॅट न करता यादी दाखवते. पण त्या "वजा एन"वर पूर्ण लक्ष हवं. ते राहिलं तर डिस्क खरोखरच फॉरमॅट होते. म्हणून हेसुद्धा मी स्नॅपशॉटवरच केलं.

३२७६८ ची प्रत धडधाकट निघाली. तिच्या आधारे एफएसचेक आधी फक्त पाहणीसाठी चालवलं आणि सगळा निकाल फाइलमध्ये घेतला. पाच टप्पे असतात: आयनोड, फोल्डरची रचना, फोल्डरची जोडणी, दुव्यांची मोजणी आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. पाचव्या टप्प्यातल्या हजारो ओळी पाहून घाबरू नये. राखीव प्रतीतली मोकळ्या जागेची आकडेवारी जुनीच असते, ती जुळणार नाहीच. मी वाचतो तो दुसरा आणि तिसरा टप्पा. कुठल्या नावांचे आयनोड रिकामे सापडले आणि कुठले फोल्डर कुणालाच जोडलेले नाहीत, ते तिथे कळतं.

मग खरी दुरुस्ती झाली आणि लॉस्ट-फाउंड उघडलं. दोन नियतकालिकांच्या मुख्य फोल्डरांचे आयनोड गेले होते. त्यांच्यातली वर्षवार फोल्डर लॉस्ट-फाउंडमध्ये आली होती, त्यांची स्वतःची नावं गेलेली पण आतली पानं नावानिशी शाबूत. ती ताईंनी नुसती पाहून ओळखली. अवघड होता तो दुसरा ढीग. एका वर्षाचं फोल्डरच गेलं होतं, त्यामुळे त्याची सगळी पानं सुटी होऊन पडली होती. प्रत्येकीचं नाव म्हणजे हॅशचं चिन्ह आणि पुढे आयनोड क्रमांक. पानं आहेत, पण कुठल्या अंकाचं कितवं पान ते माहीत नाही.

इथे मला एक गोष्ट सुचली. फोल्डरचा आयनोड गेला तरी नावांची यादी ज्या ब्लॉकमध्ये लिहिलेली असते तो ब्लॉक पुसला जात नाही, फक्त त्याच्याकडे नेणारा रस्ता तुटतो. आणि त्या यादीत प्रत्येक नोंद ठरावीक साच्यात असते: ४ बाइट आयनोड क्रमांक, २ बाइट नोंदीची लांबी, १ बाइट नावाची लांबी, १ बाइट प्रकार आणि मग नाव. लॉस्ट-फाउंडमध्ये आपल्या हाती क्रमांक असतोच. म्हणजे यादी सापडली तर नावं परत जोडता येतात.

ताईंच्या फाइलींना एक शिस्त होती: नियतकालिकाचं संक्षिप्त नाव, वर्ष, महिना, पान. ते अक्षर-समूह अख्ख्या प्रतीत शोधायला रात्रभर लावले. सकाळी जे ब्लॉक हाती लागले ते पायथनच्या छोट्या प्रोग्रामने उलगडले, आणि क्रमांक-नाव अशा जोड्या ओळीने पडू लागल्या. काही ठिकाणी एकाच क्रमांकाला दोन नावं मिळाली, कारण पूर्वी हलवलेल्या फोल्डरांच्या जुन्या यादीचे अवशेषही डिस्कवर होते. तिथे टिफ फाइलीतली (स्कॅनच्या चित्राच्या फाइलीतली) स्कॅनची तारीख लावून खरं नाव ठरवलं. सुट्या पानांपैकी बहुतेक सगळी पानं आपापल्या अंकात परत गेली.

राहिला प्रश्न आतून फाटलेल्या फाइलींचा. ईएक्सटी४ आपल्या रचनेच्या नोंदींची चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखायचा आकडा) ठेवू शकतं, पण फाइलीतल्या मजकुराची ठेवत नाही. फाइल उघडते, आकारही बरोबर दिसतो आणि मधला एक पट्टा शून्य असतो. आमच्या टिफ फाइली कॉम्प्रेस न केलेल्या होत्या, त्यामुळे उघडताना काही तक्रारही आली नसती. पानावर काळी आडवी पट्टी तेवढी दिसली असती. म्हणून मॅप फाइलमधले उरलेले खराब सेक्टर घेतले. डिस्कवरचा विभाग (पार्टिशन) २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतो म्हणून ते २०४८ त्यातून वजा केले, आणि एका ब्लॉकमध्ये ८ सेक्टर असतात म्हणून ८ ने भागले की ब्लॉक क्रमांक मिळतो. तो डीबगएफएस या तपासणीच्या साधनातल्या आयचेक आज्ञेला दिला की आयनोड कळतो, आयनोड एनचेकला दिला की फाइलीचं नाव. जुना बॅकअप होता त्या भागासाठी आरसिंक या फाइली जुळवणाऱ्या साधनाने चेकसम लावून तुलना केली. दोन्ही मिळून एक यादी तयार झाली: ही पानं बॅकअपमधून घ्यायची, ही पुन्हा स्कॅन करायची, ही गेली.

शेवटच्या रकान्यात जी पानं उरली त्यांचे मूळ अंक ताईंनी स्वतः काढून पाहिले. बरीचशी सपाट काचेवर हळूच ठेवून परत घेता आली. जी घेता येण्यासारखी नव्हती त्यांची नोंद त्यांनी वेगळी ठेवली आहे, आणि तेच अंक ज्या ग्रंथसंग्रहालयांत असू शकतात तिथे पत्रं पाठवली आहेत.

सर्व्हरवर आता दोन नव्या डिस्कचा झेडएफएस मिरर आहे, म्हणजे झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर दोन्ही डिस्कांत तोच डेटा असतो. तो मजकुराचीही चेकसम ठेवतो आणि महिन्यातून एकदा सगळं वाचून पडताळतो. १९७ ची ओळ शून्यावरून हलली तर मला मेल येतो. बाहेरच्या डिस्क दोन झाल्या, त्यातली एक कार्यवाहांच्या घरी असते. जुनी डिस्क अजून कपाटात आहे, आणि पत्रांची उत्तरं येईपर्यंत ती टाकायची नाही असं आम्ही ठरवलंय.