पाइपला बंदी आणि माझं थॅलिक्ट्रम

आपल्याकडे मे महिन्यात नळ कोरडे पडतात, पण झाडाला पाणी घालू नको असं कुणी कागद पाठवून सांगत नाही. २०२५च्या जुलैत इकडे इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये तसा कागद आला. झारीने घाला, बादलीने घाला, पाइप लावायचा नाही, लावलात तर १००० पौंडांपर्यंत दंड.

नेमकं तेव्हाच माझं थॅलिक्ट्रम फुलायला आलं. इकडे त्याला मेडो रू म्हणतात, माझ्याकडची जात हेविट्स डबल, म्हणजे भरगच्च फुलांची. सफरचंदाच्या झाडाखाली अर्धं ऊन अर्धी सावली अशी जागा दिलीय, कारण भर दुपारचं ऊन याला सोसत नाही आणि मुळाशी ओल तुटली तर पानांच्या कडा करपतात. पानं हंसराजासारखी नाजूक, दांडे छातीपर्यंत जातात पण इतके बारीक की काठीचा आधार हवाच, आणि वर जांभळट फुलांचे घोसच घोस. थॅलिक्ट्रमला खऱ्या पाकळ्या नसतातच, दिसतात ती निदलं, म्हणजे कळीवरचं बाहेरचं आवरण, आणि या डबलमध्ये पुंकेसरांचीसुद्धा तशीच पाकळीवजा रूपं झालेली!

बंदीचा भयंकर राग आला. गोव्यात फोंड्याला आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पाटाचं पाणी पाळीने येतं आणि दंडाची भाषा न करताही लोक पाळी पाळतात. पण इथे गल्लीत एकानेही, रात्रीसुद्धा, चोरून पाइप लावला नाही हे मी पाहिलं आणि तेही मान्य करायला हवं. शेजारच्या आजींकडे छपराचं पावसाचं पाणी पिंपात साठवलेलं होतं, त्यांनी स्वतःच्या गुलाबांना मोजून घातलं आणि उरलेलं न्या म्हणाल्या, तुमचं झाड तहानलंय. मला भरूनच आलं. मग रोज संध्याकाळी झारीने थेट मुळाशी पाणी, वर कुजलेल्या पाल्याचा जाड थर. हे आच्छादन मला कुणी शिकवायला नको होतं, कुळागरात झावळ्या कुजवतच वाढलेय मी.

आईने बी मागितलंय. आई, याला बी धरत नाही, वसंतात गड्डा फोडून रोप करतात आणि हिवाळ्याची थंडी मिळाली नाही तर ते गोव्यात टिकायचं नाही. पण सह्याद्रीत आपलं स्वतःचं थॅलिक्ट्रम डाल्झेली आहे, वर डोंगरात, पावसाळ्यात फुलणारं. फोटो शोधून आजींना दाखवला तर म्हणाल्या, हे पांढरं होय? म्हटलं पांढरंच, आणि त्याला झारी लागत नाही.