अठरा हजारांत एक

अहवालाच्या चौथ्या पानावर तो आकडा होता: मोठ्या रक्तस्रावाचा धोका, 95 टक्के खात्रीने, 18,000 रुग्णांत एकापेक्षा कमी. मी पान उलटलं आणि लगेच परत मागे आले. चाचणीत रुग्ण होते 24. चोवीस माणसं बघून अठरा हजारांबद्दल बोलायचं कसं?

मी पुण्यात औषधचाचण्यांच्या संख्याशास्त्राचं काम करते. ही चाचणी रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाच्या नव्या मात्रेची, अगदी सुरुवातीची. चोविसांपैकी एकालाही मोठा रक्तस्राव झाला नव्हता. आनंदाचीच गोष्ट, पण शून्य फार फसवं असतं. अशा वेळी आमच्याकडे एक तोंडी हिशेब करतात, तीनाचा नियम: एकही घटना घडली नसेल तर 3 ला रुग्णसंख्येने भागायचं, की धोक्याची 95 टक्क्यांची वरची मर्यादा साधारण कळते. 3 भागिले 24, साडेबारा टक्के. म्हणजे आठात एक. आणि हा कागद म्हणत होता अठरा हजारांत एक.

विश्लेषण आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी आलेल्या मुलाने केलं होतं. हुशार आणि काटेकोर मुलगा. त्याला बोलावलं.

"मॅडम, मी मुद्दाम काहीच गृहीत धरलेलं नाही," तो म्हणाला. "चाचणीच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आपलं मत त्यात मिसळायचं नाही. म्हणून अनइन्फर्मेटिव्ह, म्हणजे काहीच न सुचवणारा, प्रायर घेतला."

बायेशियन पद्धतीत आकडे हाती येण्याआधी आपल्याला काय वाटत होतं ते गणितात मांडावं लागतं. तो प्रायर. त्यावर आलेल्या माहितीचा संस्कार झाला की पोस्टिरियर मिळतो. आधी काहीच ठाऊक नसेल तर प्रायर शक्य तितका पसरट ठेवायचा, म्हणजे तो गप्प बसेल, असं शिकवतात. मीही तसंच शिकले होते.

"कुठला घेतलास?"

"नॉर्मल. सरासरी शून्य, प्रमाण विचलन 100."

"कशावर?"

"लॉगिटवर."

तिथे मला गाठ सापडली. नॉर्मल म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र, प्रमाण विचलन म्हणजे तो किती पसरला आहे याचं माप, आणि लॉगिट म्हणजे घटना घडण्याच्या आणि न घडण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "रुग्णांचे आकडे बाजूला ठेव. नुसत्या प्रायरमधून हजार नमुने काढ, त्यांचे टक्के कर आणि हिस्टोग्राम काढ."

पडद्यावर दोनच खांब उभे राहिले. एक शून्याला चिकटलेला, दुसरा शंभर टक्क्यांना. मधलं मैदान रिकामं. मोजायला सांगितलं, तर एक टक्का ते नव्व्याण्णव टक्के एवढ्या ऐसपैस जागेत हजारांतले चाळीससुद्धा नमुने नव्हते. लॉगिटच्या पट्टीवर पाहिलं तर हाच प्रायर सपाट माळरानासारखा दिसतो. धोक्याच्या पट्टीवर तो ओरडून सांगत होता की हा रक्तस्राव एक तर कुणालाच होत नाही, नाहीतर सगळ्यांनाच होतो. त्यात 24 शून्यं आली, उजवा खांब पडला, आणि "कुणालाच होत नाही" एवढंच उरलं.

"आता 100 च्या जागी 1000 टाक."

फारसा फरक पडू नये अशी त्याची अपेक्षा होती, प्रायर आणखी सौम्यच केला होता ना. मर्यादा अठरा हजारांत एकावरून घसरली ती थेट एकावर 28 शून्यं इतक्या रुग्णांत एक इथवर. पृथ्वीवर आजवर जन्मलेली सगळी माणसं गोळा केली तरी त्या संख्येच्या जवळपास पोचत नाहीत. आपण "आम्हाला काहीच माहीत नाही" असं जितक्या जोरात म्हणत होतो, तितकं उत्तर अधिक ठाम होत होतं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मलाही काही सुचेना, कारण हे सूत्रातून माहीत असणं वेगळं आणि रुग्णांच्या कागदावर छापून आलेलं बघणं वेगळं.

लॉगिटवर पूर्ण सपाट असलेल्या प्रायरला हाल्डेनचा प्रायर म्हणतात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी तो 1932 मध्ये मांडला. पुढे 1957 मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. त्या प्रायरला एकही घटना न घडलेली माहिती दिली तर पोस्टिरियरची बेरीजच पूर्ण होत नाही, सगळं वजन शून्याकडे वाहत जातं. आमच्या मुलाच्या हिशेबात ते वाहणं फक्त त्या 100 ने अडवलं होतं. म्हणजे अठरा हजार हा आकडा आला होता त्या 100 मधून. रुग्णांचा त्यात जवळजवळ वाटाच नव्हता.

दुपारी डॉक्टर आले. त्यांना दोन खांबांचं चित्र दाखवलं. त्यांनी विचारलं, "मग खरा तटस्थ प्रायर कुठला?"

सगळ्या पट्ट्यांवर सपाट राहील असा प्रायर कुठलाच नाही, हे मी सांगितलं. शून्य ते शंभर टक्के सगळे धोके सारखेच शक्य धरले, म्हणजे फ्रेंच गणिती लाप्लास यांची वाट, तर आपली मर्यादा येते 11.3 टक्के. ब्रिटिश गणिती हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी 1946 मध्ये पट्टी बदलली तरी नियम बदलणार नाही असा प्रायर दिला. त्याने येते साडेसात टक्क्यांच्या आसपास.

"दोन्ही तटस्थ, आणि एवढा फरक?"

"रुग्ण चोवीसच आहेत, डॉक्टर. दोन हजार असते तर दोन्ही मर्यादा एक टक्क्याच्या आतच आल्या असत्या."

ते थोडा वेळ गप्प होते. मग मी विचारलं, "निम्म्या रुग्णांना रक्तस्राव होईल असं तुम्हाला कधी वाटलं होतं का?" ते चमकले. "वाटलं असतं तर पहिल्या रुग्णालाच ही मात्रा दिली नसती." म्हणजे मत होतं, आणि ते वर्षानुवर्षं रुग्ण बघून तयार झालेलं होतं. ते कागदावर मांडायचं, त्यावर वाद घालू द्यायचा, की एका 100 मागे दडवायचं, एवढाच प्रश्न होता. पुढच्या टप्प्यासाठी तो प्रायर आधी लिहून, समितीला दाखवून मगच वापरायचं ठरलं. या अहवालात दोन्ही मर्यादा छापायच्या, प्रायरसकट, आणि रुग्णांच्या माहितीपत्रकात 11 टक्क्यांची धरायची. सुरक्षिततेच्या बाबतीत मोठी मर्यादाच बरी, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

माहितीपत्रकाचा मसुदा टेबलावरच होता. दहा हजारांत एकापेक्षा कमी धोक्याला "अतिदुर्मीळ" म्हणायचा संकेत आहे, आणि अठरा हजारांच्या जोरावर तो शब्द तिथे जाऊन बसला होता. डॉक्टरांनी स्वतः पेनाने तो खोडला. मी खाली लिहिलं: "आतापर्यंत ही मात्रा 24 जणांना दिली आहे. कुणालाही ही गुंतागुंत झालेली नाही. मात्र एवढ्या कमी रुग्णांवरून ती शंभरात 11 जणांपर्यंत होणारच नाही, असे सांगता येत नाही."

त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. "'गुंतागुंत' नको. 'मोठा रक्तस्राव' लिहा. सही करणाऱ्याला कळलं पाहिजे."