आधी बघा, त्यात पाणी आहे का

मेकअपमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. त्यातलंच एक, मिथाइलआयसोथायाझोलिनोन, माझ्या पापण्यांना सोसत नाही. नाव जीभ वळवणारं आहे, पण मला ते पाठ आहे, कारण प्रत्येक डबीमागच्या बारीक अक्षरांत मी आधी तेच शोधते. ॲलर्जी कशाची आहे हे शोधणाऱ्या पॅच टेस्टमध्ये पाठीवर वेगवेगळ्या घटकांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. दोन दिवसांनी त्या काढल्या, मग पुन्हा एकदा तपासणी झाली, तेव्हा या एकाच चौकोनात लालभडक, खाजणारा फुगवटा उठला होता. बाकीचे सगळे चौकोन स्वच्छ, पॅराबेन्स या बदनाम प्रिझर्व्हेटिव्हचासुद्धा.

म्हणून कुणी सरसकट 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्रीच घे गं' म्हटलं की मला गप्प बसवत नाही. ज्यांची त्वचा असं काही सोसत नाही त्यांना प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या मेकअपचा खरोखर आधार आहे. मिथाइलआयसोथायाझोलिनोनची ॲलर्जी इतक्या लोकांत दिसू लागली की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला 'ॲलर्जन ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला लक्षवेधी ॲलर्जीकारक घटक, ठरवलं. युरोपीय संघाने तर २०१७ पासून क्रीम-मेकअपसारख्या, लावून तशाच ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. पण त्याच सोसायटीने २०१९ मध्ये पॅराबेन्सना 'नॉन-ॲलर्जन' म्हणून निवडलं! म्हणजे ज्यांच्या नावाने सगळ्यात जास्त ओरड होते, ते ॲलर्जीच्या बाबतीत सगळ्यात सौम्य गटात मोडतात. ती ओरड वाढली २००४ च्या एका अभ्यासामुळे. स्तनांच्या गाठींमध्ये पॅराबेन्स सापडले होते, पण निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती आणि गाठी त्यांच्यामुळे झाल्या असंही त्यातून सिद्ध झालं नव्हतं.

माझ्यासाठी खरा प्रश्न पाण्याचा आहे. जिथे पाणी आहे तिथे जिवाणू आणि बुरशी वाढणारच. मस्काऱ्याचंच बघा. ब्रश पापण्यांच्या केसांच्या मुळाशी फिरतो, तिथले जंतू घेऊन परत नळीत जातो आणि झाकण लागतं. आत ओल, अंधार आणि खायला मेण, डिंक. रोज हेच. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर काही दिवसांत काय होत असेल याचा विचार करा. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असा मस्काऱ्यात वाढतो, आणि ब्रशचं टोक बुबुळाला जरा जरी खरचटलं तर तिथे व्रण होऊन दृष्टीवर बेतू शकतं. अशा रुग्णांच्या नोंदी १९७० च्या दशकापासून आहेत. वासावरून किंवा रंगावरून प्रत्येक वेळी कळेल या भ्रमात राहू नका.

कोरड्या पावडरी आणि तेल-मेणाच्या लिपस्टिकचं वेगळं. त्यांत पाणीच नसतं, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हशिवाय त्या छान टिकतात. (ओला स्पंज त्यांत बुडवू नका, एवढंच.) व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, पण ते जंतू मारत नाही. त्यामुळे पाण्याच्या फाउंडेशनवर 'व्हिटॅमिन ईने सुरक्षित' असं लिहिलेलं असेल तर मी ते परत ठेवते.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' लिहिलेल्या बाटलीत बरेचदा १,२-हेक्झेनडायॉल, कॅप्रिलिल ग्लायकॉल, पेंटिलीन ग्लायकॉल असतं. हे घटक जंतूंना अटकाव करतात, फक्त युरोपच्या नियमांत प्रिझर्व्हेटिव्हच्या यादीत त्यांची नावं नाहीत. ते वाईट आहेत असं नाही. पण ज्याची त्वचा भडकते त्याला बाटलीत काय आहे हे सरळ सांगायला हवं, शब्दांच्या आडोशाने नाही. हवा आत न जाऊ देणारे पंप किंवा एका वेळेपुरत्या छोट्या कुप्या हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. महाग पडतो आणि कचराही होतो, तरी मला तो पटतो.

मी स्वतः फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह असलेला मस्कारा वापरते. युरोपात प्रसाधनांत ते जास्तीत जास्त १ टक्का घालता येतं आणि माझ्या पापण्यांना ते सोसतं. उघडल्यावर तीन महिन्यांनी नळी टाकून देते, अर्धी भरलेली असली तरी. डोळे आले असतील त्या दिवसांत मेकअप बंद, आणि त्या आधी वापरलेला मस्कारा, आयलायनर दोन्ही कचऱ्यात. बहिणीलासुद्धा माझा ब्रश देत नाही, तिने कितीही तोंड पाडलं तरी.