टाइमपास

रविवार, रात्री पावणेअकरा

"टाइमपास तर आहे. त्याचं एवढं काय?"

सुमित सहज बोलून गेला. गॅलरीतला कॅरमचा बोर्ड आत घेताना त्याने एक बाजू धरली होती, हात भरून आले म्हणून जरा वैतागला, एवढंच. चहा पिऊन गेलासुद्धा. माझ्या मनात मात्र तो शब्द संध्याकाळपासून कुसळासारखा रुतून बसलाय.

बोर्ड तीन आठवडे गॅलरीत भिंतीला टेकून उभा होता. पाहुणे होते, हॉलमध्ये गाद्या घालायच्या होत्या. कुणी बाहेर ठेवला ते विचारण्यात आता अर्थ नाही. पण ऐन आषाढात, गॅलरीत, तेही उभा! कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला की त्याचं वजन खालच्या कडेवर येतं आणि मधला पत्रा हळूहळू झुकतो. प्लायवूडला आम्ही पत्राच म्हणतो. त्यात भर दमटपणाची. खेळायच्या बाजूला पॉलिश असतं, ती पाणी पीत नाही. पाठ कोरी असते, ती पिते. पाठीचं लाकूड फुगतं, पुढचं तेवढंच राहतं, आणि बोर्ड पुढच्या बाजूने ताटासारखा खोलगट होतो.

डोळ्यांना हे दिसत नाही. मी शिवणाचा दोरा घेतला आणि एका पॉकेटच्या कडेपासून समोरच्या पॉकेटपर्यंत कोनातून कोनात ताणून पत्र्याला टेकवला. सेंटरच्या वर्तुळावर दोरा अधांतरी होता. खाली एकावर एक दोन पोस्टकार्डं सहज सरकली, तिसरं अडकलं. दुसऱ्या कर्णावरही तसंच. म्हणजे पीळ पडलेला नाही, नुसता खोलगटपणा आहे. एका कर्णावर फट आणि दुसऱ्यावर नाही असं असतं, तर पीळ पडला म्हणून मी आशाच सोडली असती. पीळ निघत नाही.

टाइमपास.

शब्द वाईट नाही खरं तर. मीही वापरते. गाडीत शेंगदाणे विकणारासुद्धा टाइमपास म्हणूनच ओरडतो. मग मला का लागावा?

बहुतेक त्यातल्या 'एवढं काय'मुळे. महागड्या गोष्टीबद्दल हे कुणी म्हणत नाही. गाडीला ओरखडा गेला की घरभर चर्चा होते. बोर्डाला बाक आला, तर तो भंगारात द्या म्हणतात. कॅरमला खर्च तो केवढा. चांगला बोर्ड एकदाच घ्यायचा, सोंगट्या काही वर्षांनी बदलायच्या, पावडर तेवढी लागते. मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाच्या पैशांत सगळा पावसाळा निघेल एवढी पावडर येते. स्वस्त म्हणून हलकं, असा काही हिशोब असतो का लोकांच्या डोक्यात?

आणि हलकं तरी कुठे आहे. मापं बघितली की कळतं. खेळायची जागा 74 सेंटिमीटर, चौरस. पॉकेट 4.45 सेंटिमीटरचं, सोंगटी जास्तीत जास्त 3.18 ची. म्हणजे मधोमध गेली तर दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा मिलिमीटर. तेवढ्यात कोनातून, पट्टीला न घासता, ती आत घालायची. पत्रा कमीत कमी 8 मिलिमीटर जाड लागतो. त्याहून पातळ असला की सोंगटीचा आवाज पोकळ येतो, फ्रेमवरचा रिबाऊंड मरतो आणि बाकही लवकर येतो. बाजारातले स्वस्त छोटे बोर्ड मुलांच्या हाती देतात आणि मग मुलांना खेळ आवडत नाही म्हणतात. त्या बोर्डावर कुणालाही आवडणार नाही. सोंगटी अर्ध्यात थांबते.

चांगला बोर्ड ओळखायची स्पर्धेतली कसोटी सोपी आहे. 15 ग्रॅमचा गुळगुळीत स्ट्रायकर बेसवरून, म्हणजे आपल्या पुढच्या दोन रेघांवरून, जोरात मारायचा. समोरच्या फ्रेमला लागून परत, पुन्हा समोर, असा तो साडेतीन फेऱ्या तरी धावला पाहिजे. आज आपल्या बोर्डावर मारून बघितला. दोन फेऱ्या आणि वर थोडं. तिसऱ्या फेरीत तो सेंटरकडे ओढला गेला, उतारावर गेल्यासारखा.

ते बघून घशात आवंढा आला. बोर्डासाठी की कशासाठी, मला नीट सांगता येत नाही. तात्यांची खुर्ची तशीच आहे, समोरच्या बाजूला. ते राहू दे.

रात्री जेवणानंतर कामाला लागले. बोर्ड हॉलमध्ये जमिनीवर पालथा घातला. पुढून खोलगट म्हणजे पाठीने फुगीर, तेव्हा पालथा घातल्यावर फुगवटा वर येतो आणि वजन त्याच्यावर ठेवता येतं. पण आधी आत जुनी वर्तमानपत्रं भरावी लागतात, नाहीतर उलटा बाक येतो. फ्रेम पत्र्यापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर उंच असते आणि बोर्ड जमिनीवर तिच्याच आधाराने बसतो, मधला भाग अधांतरी. नुसतं वजन ठेवलं तर पत्रा खाली वाकत जातो आणि थांबत नाही. म्हणून फ्रेमच्या उंचीएवढा वर्तमानपत्रांचा सपाट गठ्ठा मधोमध घातला. पत्रा सरळ होऊन गठ्ठ्यावर टेकला की तिथेच अडतो. वर, पाठीच्या आडव्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत, पाट ठेवला आणि पाटावर दळणाचा डबा. वजन एका बिंदूवर आलं की तिथे खड्डा पडतो, पाटामुळे ते पसरतं. मग पंखा दोन नंबरवर. ऊन दाखवायचं नाही. उन्हात पाठ घाईने सुकते आणि प्लायचे थर सुटतात. चार-पाच दिवस लागतील, घाई केली की बाक परत येतो. रोज सकाळी दोरा लावून बघायचं. सरळ झाला की पाठीला व्हार्निशचे दोन हात द्यायचे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात दोन्ही बाजू सारखंच पाणी अडवतील. हे बोर्ड घेतला तेव्हाच करायला हवं होतं. केलं नाही.

पावडरही बघितली. डबीत खडे झालेत. सुमितच्या घरी अंगाला लावायची पावडर टाकतात, म्हणे वास छान येतो. त्या वासापायीच बोर्ड खराब होतो. सुगंधाचा तेलकट अंश पॉलिशवर बसतो आणि महिन्याभरात सोंगट्या चिकटायला लागतात. बोरिक पावडरीचे कण पापुद्र्यांसारखे असतात, एकमेकांवरून घसरतात, म्हणून सोंगटी धावते. तीही चिमूटभरच. बोर्ड पांढरा दिसला तर जास्त झाली समजायचं. टाकून हाताने न फासता कोरड्या सुती फडक्याने हलकेच पसरायची आणि खेळ संपल्यावर सगळी झटकून टाकायची. ओलं फडकं कधीच नाही. लहान मुलं असतील तर खेळ झाल्यावर साबणाने हात धुवायला लावायचे, ही पावडर पोटात जायला नको. खडे झालेली पावडर बारीक गाळणीतून काढून कोरड्या डब्यात भरलीय, तळाशी मलमलीच्या पुरचुंडीत मूठभर भाजलेले तांदूळ. ओल तांदूळ ओढतील.

टाइमपास म्हणे. हे एवढं सगळं टाइमपाससाठी कोण करेल?

करतात. भरपूर लोक करतात. मुंबईतल्या चाळींत, मंडळाच्या खोल्यांत, जिन्याखाली दिवा टांगून लोक रात्र रात्र बसलेत, आणि ते सगळे दिवसभर काम करून आलेले. सगळे अर्धवट खेळणारे होते असंही नाही. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ 1988 मध्ये चेन्नईत उभा राहिला, चेन्नईच्याच मारिया इरुदयम यांना 1996 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आपल्या पुण्याचे योगेश परदेशी विश्वविजेते झाले. पण हे मी कुणाला ऐकवतेय? पुरस्कार मिळाला म्हणून खेळ मोठा, असं मला म्हणायचंच नाहीये. सुमितला हे सांगितलं असतं तर तो 'अरे वा' म्हणाला असता आणि मी हरले असते.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. ते टिचकीत आहे.

स्ट्रायकर 15 ग्रॅमचा, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. जवळजवळ तिप्पट फरक. गोट्या खेळताना सारख्या वजनाची गोटी समोरासमोर बसली की मारलेली जागीच थांबते आणि दुसरी सुटते. कॅरममध्ये तसं होत नाही. अगदी मधोमध बसली तरी स्ट्रायकर जवळपास निम्मा वेग घेऊन सोंगटीच्या मागोमाग जातो. म्हणून नवीन माणूस सरळ सोंगटी जोरात मारतो, ती जाते, पाठोपाठ स्ट्रायकरही पॉकेटमध्ये जातो आणि ड्यू बसतो, म्हणजे दंड म्हणून आपली सोंगटी परत बोर्डावर ठेवावी लागते. त्याला वाटतं नशीब फुटकं. नशिबाचा संबंध नाही, वजनाचा आहे. सरळ सोंगटी हळू मारावी, किंवा केसभर कट ठेवावा, जरा कडेने मारावी, म्हणजे स्ट्रायकर बाजूला निघून जातो. आणि बोट आधी स्ट्रायकरच्या अगदी जवळ, जवळजवळ टेकलेलं ठेवून मग सोडायचं. लांबून आणलेलं बोट स्ट्रायकरला वेडावाकडा ढकलतं, नख दुखतं आणि नेमही जातो. ढकलला तर फाऊल वेगळा. स्ट्रायकर बेसच्या दोन्ही रेघांना टेकलेला हवा. खुर्ची हलवायची नाही, उठायचं नाही.

डबल्समध्ये भिडू समोर बसतो आणि खेळ चालू असताना त्याला काही सांगायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. तो कुठली सोंगटी घेणार, क्वीनला हात घालणार की पॉकेट अडवून बसणार, हे त्याच्या हाताच्या ठेवणीवरून ओळखायचं. वर्षानुवर्षं समोर बसल्यावर ओळखता येतं. क्वीन पॉकेटजवळ आली, आपली एक सोंगटी कव्हरला, म्हणजे क्वीनपाठोपाठ घ्यायला, सरळ उभी आहे, आणि समोरचा माणूस पावडरीच्या डबीकडे हात नेऊन थांबतो. तो थांबला की समजायचं, घेणार.

आता तसं थांबणारं समोर कुणी नाही.

हं. तर शब्द तिथे लागला असणार.

करमत नाही म्हणतो ना आपण. कोणी गेलं की घरात करमत नाही, नव्या गावात करमत नाही. करमणूक त्याच 'करमणे'तून आली, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणजे करमावं म्हणून केलेली गोष्ट. वेळ घालवणं त्याच्या मानाने सोपं, वेळ काय, कसाही जातो. सुमित पंचविशीचा आहे, त्याला सगळीकडे करमतं. त्याच्या मोबाइलवरच्या कॅरममध्ये सोंगटी कुठे जाणार त्याची रेघ आधीच दिसते, पावडर संपत नाही, पाऊस लागत नाही. त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याने बोर्डाची एक बाजू धरली नसती तर तो अजून गॅलरीतच असता, हेही लिहून ठेवायला हवं.

संध्याकाळपासून रागावून बसले होते, ते आता उतरलंय. टाइमपास तर टाइमपास. गेले दोन तास दोरा, पाट, गाळणी यांत कसे गेले कळलं नाही.

दिव्याचं काम राहिलंय. पूर्वीचा पिवळा बल्ब साठचा होता, आता 9 वॅटचा एलईडी आहे, उजेड तेवढाच पडतो. पण जुन्या बल्बची ऊब बोर्डाला मिळायची, पावसाळ्यात पत्रा कोरडा राहायचा, ती गेली. यापुढे पावसाळ्यात खेळायच्या आधी बोर्डावरून दहा मिनिटं पंखा सोडायचा. दिवा बरोबर सेंटरवर टांगायचा आणि शेड एवढी खाली हवी की डोळ्यांत उजेड येणार नाही, एवढी वर की फ्रेमची सावली बेसवर पडणार नाही. वायर चार बोटं आखडावी लागेल.

सोंगट्या मोजल्या. पांढऱ्या नऊ, क्वीन आहे, काळ्या आठच. नववी गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीमागे सापडली, कडेचा टवका उडालेला. टवका उडालेली सोंगटी फ्रेमला लागली की वाकडी उसळते, खेळात चालत नाही. बदली सोंगटी आणताना मापाची आणायची, जाडी 7 ते 9 मिलिमीटरमध्येच असते पण संचातल्या बाकीच्यांशी जुळली पाहिजे, नाहीतर ब्रेकच्या मांडणीत एकीखाली दुसरी दबते. तोवर एकटीने सराव करायला हरकत नाही. पॉकेटपासून वीतभर अंतरावर एक सोंगटी, बेसच्या दोन्ही टोकांवरून पन्नास-पन्नास कट. एकटीने तेवढं होतं.

दोऱ्याचं रीळ बोर्डाजवळच ठेवलंय. उद्या सकाळी दळण टाकायला जायचंय, म्हणजे डबा उचलावा लागेल. त्याच्या जागी तांदळाचा ठेवते.