कॅशियरबाईंचा फोन वाजला तेव्हा

"मॅडम, तुम्ही सांगितलं तसं रोज केलं. एक दिवस चुकवला नाही." असं म्हणत त्यांनी पिशवीतून मीच दिलेला व्यायामाचा कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला. मागच्या कोऱ्या बाजूला तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण. हिशेबाचं माणूस. "पण दुखणं वाढलंय."

माझ्या पोटात गोळा आला. तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारच्या गर्दीत, चिठ्ठीवर 'वारंवार लघवी, पेल्विक फ्लोअरचे व्यायाम' एवढंच वाचून मी हा कागद त्यांच्या हातात ठेवला होता. तपासलं नव्हतं. मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे, बायकांच्याच तक्रारी जास्त बघते, त्यामुळे ही चूक माझ्या हातून व्हायला नको होती.

कागदावर होते कीगल. अर्नोल्ड कीगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली मांडलेले व्यायाम. बाळंतपणानंतर ज्यांच्या पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू ढिले पडतात, शिंकताना-खोकताना लघवी सुटते, त्यांना ते फार उपयोगी. पण ज्या बाईचा हा स्नायू आधीच मुठीसारखा आवळलेला आहे तिला 'आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा' सांगायचं, म्हणजे पायात गोळा आलेल्याला टाचा उचलायला लावण्यासारखं.

त्या दिवशी मी पुढचे दोन पेशंट थांबवले आणि पहिल्यापासून विचारलं.

वय त्रेचाळीस. पतसंस्थेत सतरा वर्षं कॅशियर. दोन वर्षांपासून लघवी करून आलं की दहा मिनिटांत परत कळ. उन्हाळे लागल्यासारखी जळजळ. अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले होते, लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, मात्र तीनदा केली तरी तिन्ही वेळा स्वच्छ. सोनोग्राफीत काही नाही. सासूबाईंचं धण्या-जिऱ्याचं पाणी चालूच. त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण आणि माकडहाड दुखतं म्हणून मधे भोक असलेली उशी. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "मिस्टरांना सांगितलंय, आता नको म्हणून. दुखतं." मूत्रमार्गाचे डॉक्टर वेगळे, पोटाचे वेगळे, हाडांचे वेगळे. शेवटची गोष्ट तर कुणाला सांगितलीच नव्हती.

सिस्टरना शेजारी उभं केलं, नीट परवानगी घेतली आणि तपासलं. डावीकडचा स्नायू वाळलेल्या वादीसारखा ताठ. तिथे बोटाने हलकेच दाबलं तर त्या दचकल्या. "हीच! हीच ती कळ!" मूत्राशय तेव्हा रिकामं होतं, त्या आत्ताच जाऊन आल्या होत्या. कळ मूत्राशयातून नव्हे, स्नायूतून येत होती.

मग मशीन लावलं. गुदद्वाराच्या बाजूंना दोन छोटे चिकट पॅच लावतात आणि स्नायूतली विजेची हालचाल पडद्यावर रेघ म्हणून दिसते. सैल स्नायूची रेघ दोन-अडीच मायक्रोव्होल्टच्या आसपास खेळते. ह्यांची झोपलेल्या अवस्थेत सातच्या खाली येईना.

तेवढ्यात त्यांचा फोन टेबलावर थरथरला. पडद्यावर नाव आलं, 'मॅनेजर साहेब'. रेघ सटकन अठरावर.

"काही नाही, वाजू दे, तुम्ही बोला," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. चेहऱ्यावर एक रेष हलली नव्हती. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"हे मी करतेय?"

कुत्रं घाबरलं की शेपूट पायांत घालतं. आपलं शेपूट गेलं, ते ओढणारे स्नायू राहिले. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बायकांना भीतीदायक चित्रफिती दाखवून मोजलं, तेव्हा खांद्याच्या स्नायूंबरोबर तळाचे स्नायूही आवळले जात होते. तक्रार असलेल्या बायकांचे आणि नसलेल्यांचेही. तेव्हा आवळणं हा दोष नाही. ते सुटलंच नाही की मग त्रास. हाच स्नायू शौचाच्या वेळी सैल पडायला हवा, नाहीतर कितीही जोर करा, दार आतून बंद. मूत्राशयाला तो खालून सारखा डिवचत राहतो, माकडहाडाला तर तो चिकटलेलाच असतो.

दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. कॅश साडेअठरा हजारांनी शॉर्ट आली, बांगड्या गहाण ठेवून भरले. तेव्हापासून एकदा पिंजऱ्यात बसलं की ड्रॉवर सोडून उठायचं नाही, लघवीलासुद्धा. उंच स्टुलावर, चवड्यांवर पाय. "आणि नोटा मोजताना मी श्वास घेतच नाही मॅडम. घेतला की आकडा चुकतो."

श्वास आत घेतो तेव्हा छातीखालचा पडदा खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर हा तळही थोडा उतरतो, सैलावतो. दिवसाचे सात तास श्वास धरून नोटा मोजणाऱ्या बाईचा तळ कधी उतरणार?

पाय खुर्चीवर ठेवून झोपवलं, तळवे बरगड्यांवर, बाहेर सोडायचा श्वास लांब. सात. सहा. परत सात. वीसेक मिनिटांनी चारच्या आत आलं आणि त्या एकदम घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "मॅडम, लघवी झाली का हो?" चादर कोरडी होती. सैल पडणं म्हणजे काय हेच त्या विसरल्या होत्या. सुटलं की सांडलं असंच वाटायचं.

कीगल बंद केले. संडासात पायाखाली पाट घ्यायला सांगितला, कमोडवर गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. लागलेली नसतानाही 'असू दे, निघताना जाऊन येऊ' ही सवय सोडायला सांगितली. आठवड्यातून एकदा मी हाताने स्नायू मोकळा करत होते. सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. मार्चअखेरीला तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं आणि त्यांनी फोनवर मला चार शब्द सुनावले.

मेच्या मध्यात आल्या तेव्हा दीड-दोन तास थांबता येत होतं, उशी घरीच होती. माकडहाड अजून कुरकुरत होतं. जाताना काउंटरवर फी द्यायला उभ्या राहिल्या, सगळ्या पन्नासाच्या नोटा. अंगठ्याला थुंकी लावून सरसर मोजायला लागल्या, ओठ हलत होते, खांदे वर. मी दारातून बघतेय हे त्यांना दिसलं. हात थांबला, मोठा श्वास सोडला.

"चुकला बघा आकडा," म्हणाल्या आणि गठ्ठा सारखा करून पुन्हा एकपासून सुरुवात केली.