केळीच्या बागेखालचं पाणी एक्सेलमध्ये

इथे अमेरिकेतल्या नेब्रास्कात मक्याच्या शेतांवर पिव्होट, म्हणजे पाणी शिंपडणारे लांब नळ, गोल फिरतात आणि पाणी येतं खालच्या ओगल्लाला जलधरातून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या थरातून. शाळेतल्या पोरांना तो समजावायला संगणकावरचं मॉडेल कामाला येतं. रावेर-यावलकडेही हे सहज जमेल. तापीच्या गाळातलं पाणीसुद्धा वाळूच्या कणांमधूनच झिरपतं. 'खाली नदी वाहते' हे पाणाड्याचं म्हणणं तेवढं आधी खोडायचं.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं मॉडफ्लो हे भूजलाचं सॉफ्टवेअर १९८४ पासून आहे, फुकट मिळतं. पण पोरांना त्यात नुसती रंगीत चित्रं दिसतात. एक्सेलमध्ये गणित उघडं पडतं.

२१ ओळी, २१ रकाने. प्रत्येक चौकटीत त्या जागेची पाण्याची पातळी, मीटरमध्ये. दोन चौकटींत अंतर १०० मीटर. तळची ओळ तापी: सगळीकडे १५०, कायम. बाकी चौकटींत चार शेजाऱ्यांची सरासरी अधिक ०.०१. रोज ०.४ मिलिमीटर पाणी मुरतं आणि थराची वहनक्षमता (पाणी आडवं वाहू देण्याची ताकद) दिवसाला १०० चौरस मीटर आहे, असं धरल्यावर हा आकडा येतो. वरच्या, सातपुड्याकडच्या ओळीला वर शेजारीच नाही. तिथे खालचा दोनदा मोजायचा. डाव्या-उजव्या कडांना आतला दोनदा.

आता चौकटी एकमेकींवरच अवलंबून आहेत, म्हणून एक्सेल चक्राकार संदर्भाची तक्रार करेल. सेटिंगमध्ये पुनरावृत्तीची गणना सुरू करा. मुळात तिथे १०० फेऱ्या आणि ०.००१ फरक असतो. त्यावर ठेवलं तर पातळी अर्ध्यातच थांबते आणि पोरं तेच उत्तर वहीत उतरवतात. १००० फेऱ्या, ०.००००१ फरक करा, एफ ९ दोनदा दाबा. वरची ओळ १५८ वर टेकली पाहिजे. एका चौकटीत चूक झाली की ती साऱ्या पानावर पसरते, सूत्र सुधारूनही जात नाही. म्हणून प्रत्येक सूत्रात 'जर'ची अट घाला: जाळीबाहेरच्या एका मोकळ्या चौकटीत ० टाकलं की सगळीकडे १५०.

मग बोअर. मधल्या एका चौकटीच्या सूत्रातून १ वजा करा: रोज चार लाख लिटरचा उपसा. भोवती खळगा पडतो. पण खरी गंमत बेरजेत आहे. या चार चौरस किलोमीटरवर रोज १६ लाख लिटर मुरतं. एक बोअर तापीकडे जाणारं चार लाख खाते. चौथ्या बोअरला हिशेब शून्यावर येतो, पाचवी तापीतूनच ओढते. इथे वर्ग गप्प होतो.

साक्रीकडच्या काळ्या पाषाणाला हे पान जसंच्या तसं लावू नका. तिथे पाणी भेगांत आणि मुरमात असतं, चौकटीगणिक वहनक्षमता बदलते, साधी सरासरी चालत नाही.