आपल्या लेकरांनी काय घोडं मारलंय?

मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणी ना कुणी विचारतंच. परवा नव्यानं बदलून आलेल्या सरांनी विचारलं, “मॅडम, इकडं आपल्या बीडची लेकरं आईबापाच्या मागं ऊसतोडीला जातेत, अन् तुम्ही नेपाळच्या पोरीच्या शाळेचा खर्च करता? आपल्या लेकरांनी काय घोडं मारलंय?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सर. डबा संपेपर्यंत हे सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीपासून चार कोसांवर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. आमची घरं दगडमातीची, हात-दोन हात जाड भिंती, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो. त्या भिंतींखालीच माणसं गेली. माझी आईसुद्धा. मी तेव्हा पाचवीत होते.

पुढं एका संस्थेमार्फत मला ‘दत्तक पालक’ मिळाले, इंग्लंडमधलं एक जोडपं. म्हणजे परदेशातलं गरीब लेकरू, ज्याची फी कुणीतरी भरतं, ते मीच होते. वह्या, गणवेश, मामाकडं राहून शिकायचा खर्च त्यांच्या पैशातून झाला, हे मी विसरलेली नाही. पण आणखी एक गोष्ट विसरलेली नाही. वर्षातून दोनदा आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये बसवून फळ्यावरचं पत्र उतरवून घ्यायला लावायचे. ‘आम्ही इथं खूप आनंदात आहोत.’ एकदा मी खाली माझ्या मनानं एक ओळ लिहिली, ‘आईची आठवण येते.’ संस्थेच्या ताईंनी ती खोडली. “असं लिहू नये बाळ, त्यांना वाईट वाटतं.” त्या वयात कळलं ते एवढंच, की ज्यांचे पैसे येतात त्यांचं मन सांभाळणं हेही आपल्याच अंगावर आहे. (एकदा त्यांनी जाडजूड लोकरी स्वेटर पाठवला. पोचला एप्रिलमध्ये. आमच्याकडचा एप्रिल! आजीनं त्याची उशी केली.)

आठवीत पैसे यायचे थांबले. “तुझे पालक बंद झाले,” एवढंच सांगितलं. वारले की कंटाळले, आजवर माहीत नाही. पुढचं मामानं ओढलं, सोयाबीनच्या जिवावर.

आता नेपाळ. अंबाजोगाईत आमच्या कॉलनीत एक गुरखा रात्री शिट्टी वाजवत फिरायचा, महिन्याला घरटी वीस-तीस रुपये मागायला यायचा. २५ एप्रिल २०१५. दुपारी टीव्हीवर काठमांडूच्या पडलेल्या इमारती दिसायला लागल्या, आणि हा माझ्या पायरीवर येऊन बसला, मोबाईल कानाला लावून. लागत नव्हता. गाव सिंधुपाल्चोक जिल्ह्यातलं. त्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं त्याच जिल्ह्यात दगावली. तिसऱ्या दिवशी बायकोशी बोलणं झालं: घर पडलं, माणसं वाचली. घर कसलं होतं म्हणून विचारलं, तर दगडमातीचं. आणि भूकंपाची वेळ? ११ वाजून ५६ मिनिटं. ते छप्पन्न ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो शनिवार होता, नेपाळात शनिवारी सुट्टी असते. शाळांच्या हजारो खोल्या पडल्या, पण आत लेकरं नव्हती.

त्याची मुलगी तेव्हा तिसरीत. गावात कुणी एक माणूस फिरत होता, काठमांडूच्या बालगृहात पाठवा, जेवण-शिक्षण फुकट म्हणून सांगत. मी म्हटलं, भाऊ, पोरगी आईजवळ राहू द्या. तिथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. भूकंपानंतर तर पालकांशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर न्यायला सरकारला बंदी घालावी लागली. मग तो म्हणाला, बोर्डिंगला घालतो. मी पुन्हा भांडले. मागाहून कळलं, तिकडं ‘बोर्डिंग’ म्हणजे खासगी इंग्रजी शाळा. पोरं तिथून संध्याकाळी घरीच येतात!

शेवटी गावच्याच सरकारी शाळेत ठेवायचं ठरलं. वह्या, गणवेश, बूट, शिकवणी हा खर्च माझा. पण ‘पालक बंद झाले’ हे तिला कुणी सांगू नये, म्हणून पहिला हप्ता पाठवायच्या आधी मी पोस्टात पाच वर्षांची आरडी काढली, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम साठवायचं खातं. ती संपल्यावर दुसरी. बँकेच्या भारत-नेपाळ योजनेतून पैसे तिच्या आईच्या खात्यात जातात. आपला एक रुपया तिकडं १ रुपया ६० पैसे, १९९३ पासून हाच दर. (हो, तेच साल.) आयकरात सवलत नाही, ती इथल्या नोंदणीकृत संस्थांच्या देणग्यांसाठी असते. माझी अट एकच: पत्र नको, फोटो नको.

राहिली आपली लेकरं. सर, आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरं गावातच शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृह असतं, त्याच्या याद्या दिवाळीआधी आपणच करतो. कुणाची आजी मागं राहणार, कुणाच्या घरी ऊसतोडीची आगाऊ उचल घेऊन झाली, कोण शेवटच्या क्षणी ट्रॅक्टरमध्ये बसणार, हे मला तोंडपाठ आहे. त्याचा मला पगार मिळतो, म्हणून ते मी दानात धरत नाही. आणि नेपाळची पोर आपल्या पोरांहून गरीब निघाली म्हणून मी तिला निवडलं, असंही नाही. तिचा बाप माझ्या पायरीवर बसला होता, एवढंच.

दहावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. ते माझ्या आरडीत बसत नव्हतं, मी तसं सरळ सांगितलं. चार दिवस कुणाचा फोन नव्हता. मग अकरावीला सरकारी शाळेतच नाव घातलं.

गेल्या वर्षी व्हॉट्सअॅपवर तिनं आपणहून एक लांबलचक मजकूर पाठवला. लिपी आपलीच, त्यामुळे अर्धाअधिक कळला. गणिताचे सर महिनाभर आले नाहीत, बूट चावतात, धाकटा भाऊ वह्या फाडतो. आभाराचा एक शब्द नाही. मी तो दोनदा वाचला आणि बुटाचा नंबर विचारला.